वरच्या कप्प्यातलं पाणी

“शेवटची बाई राहिली न्हवं? पाणी पाजा अन् लावा वाटेला,” अध्यक्ष शिपायाला म्हणाले.

दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर ती बाई बसली होती, आणि तिने ते ऐकलं हे मला टाइपरायटरमागून दिसलं. तिने पदर नीट केला आणि हाक यायच्या आतच ती आत आली.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. गावातल्या प्रत्येक संस्थेला आता स्वतःचा एक अधिकारी हवा होता. आमची रक्तपेढी धर्मादाय. तीन खोल्या आणि एक फ्रिज. फ्रिज परदेशातल्या एका संस्थेने दिलेला, आणि प्रशासकीय अधिकाऱ्याचा पगारही तीच देणार होती. अट एवढीच, की मुलाखतींचा अहवाल इंग्रजीत पाठवायचा आणि ज्यांना नाकारलं त्यांचं कारण लिहायचं. त्यासाठी मी होते. नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, मराठीत तोंड न उघडणारी. अशी मुलगी सगळ्यांना सोयीची असते.

मुलाखत घेणारे तिघे. अध्यक्षांची आडत होती. रक्तदान शिबिरात ते माइक सोडत नसत आणि सुई दिसली की त्यांना आपला मधुमेह आठवे. दुसरे निवृत्त नायब तहसीलदार. निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं. तिसरे आमचे डॉक्टर. त्यांना सगळं कळायचं, म्हणून माझा राग त्यांच्यावर जास्त. सकाळी अध्यक्षांच्या साडूचा मुलगा येऊन गेला होता. आल्यावर पहिलं काय करशील, या प्रश्नावर तो म्हणाला, “मोठा बोर्ड लावतो.” तिघांनी माना डोलावल्या होत्या.

ही बाई उमरीहून दोन एसट्या बदलून आली होती. नांदेडच्या एका दवाखान्यात सात वर्षं भांडारपाल, तीही तात्पुरती. महिनाअखेर ती जागाच बंद होणार होती. घरात कमावणारी ती एकटी. हे तिने अर्जात दोन ओळींत लिहिलं होतं, रडगाणं न करता.

“उमरीत कुठं राहता म्हणायचं?” नायब तहसीलदारांनी विचारलं. आडनावावरून समजलं होतंच, तरी त्यांना ते तिच्या तोंडून हवं होतं.

“बुद्धविहाराच्या मागं. पुढचा प्रश्न विचारा, साहेब.”

तेवढ्यात शिपायाने पाण्याचा ग्लास आणला. ग्लासला बाहेरून दव आलं होतं. त्या उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं, तेही गढूळ. तिने ग्लास उचलला, हातात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

“हे कुठून आणलं?”

“आपल्याच फ्रिजातलं,” अध्यक्ष खुशीत म्हणाले. “असं गार पाणी कलेक्टरला बी मिळत न्हाई. प्या, प्या.”

“रक्ताच्या फ्रिजमधलं?”

“रक्त खाली हाय हो. वरचा कप्पा रिकामाच ऱ्हातो.”

“दार दिवसातून किती वेळा उघडतं?”

उत्तर मला माहीत होतं. अध्यक्ष आले की दर दहा मिनिटांनी. आणि तपमानाच्या वहीत रोज सकाळ-संध्याकाळ ‘चार अंश’ लिहिणारी मीच होते, काटा न बघता. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं आणि मी विचारलं नव्हतं.

“मला घेतलं, तर पहिल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या बाहेर काढीन,” ती म्हणाली. “नाही घेतलं, तर तुम्ही काढा. पण आजच काढा. आतलं रक्त कुणाच्या तरी अंगात जाणार आहे.”

ती गेल्यावर नायब तहसीलदार म्हणाले, “लई तोंडाळ. ह्यांना सवलती देऊन देऊन असं झालंय.” अध्यक्षांनी तिचाच ग्लास उचलला, मग काय वाटलं कोण जाणे, परत ठेवला. “लिहा बाई, बोलणं उद्धट. साडूच्या पोराचं नाव वर घ्या.” डॉक्टर छताच्या पंख्याकडे बघत होते.

मी टाइप केलं. नावं त्यांनी सांगितलेल्या क्रमानेच. फक्त तिच्यापुढचं कारण माझं होतं.

“वाचा,” अध्यक्ष म्हणाले. मी इंग्रजीत भरभर वाचलं. नायब तहसीलदारांनी “व्हेरी गुड” म्हटलं. डॉक्टरांचं पेन सहीवर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सही केली. एवढ्यावर भागलं असतं. कागद गेला असता, आणि मी माझ्या इंग्रजीमागे सुखरूप राहिले असते.

“आता मराठीत सांगा की,” अध्यक्ष पेनचं टोपण काढत म्हणाले. “आम्हाला बी कळू द्या, बाईंचं काय लिवलंय.”

मी टाइपरायटरवर झाकण घातलं.

“लिहिलंय,” मी म्हणाले, “रक्ताच्या फ्रिजमधून तुमचं पाणी बाहेर काढा म्हणाल्या, म्हणून त्यांना घेतलं नाही.”