कपाटावरचा वाडगा

टीचर जिन्यात भेटल्या की माझी किंवा माझ्या बायकोची चौकशी करायच्या नाहीत. कठडा धरून त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आज किती वेळा?" मी म्हणायचो, "तीनदा." मग "सरी" म्हणून त्या खाली उतरायच्या. सरी म्हणजे ठीक. आमचा बोका लघवीला किती वेळा गेला, याची ही चौकशी. नव्याने राहायला आलेल्या एका शेजाऱ्याला बरेच दिवस ती माझीच वाटत होती.

वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना टीचर म्हणत. खरे तर त्या मुलींच्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होत्या, एकतीस वर्षे. घराणे तंजावरचे; मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. ओरगडमच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून इथे आलो. पहिल्याच आठवड्यात नवराबायकोचे भांडण चालू असताना त्यांनी दार वाजवले. आम्ही गप्प झालो, तर म्हणाल्या, "थांबू नका. मराठीत आहे, ऐकायला बरं वाटतं."

भोपळ्या हा बोका माझ्या मुलीचा. पुण्याला शिकायला जाताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, त्याला काही होऊ देऊ नका." मी कारखान्यात तपासणी विभागात आहे; सांगितलेले काम मोजून करतो. कोरडे खाणे सत्तर ग्रॅम, काट्यावर. पाणी दोनशे मिलिलिटर, मापाने. दुसऱ्या सकाळी उरलेले पाणी मोजून वहीत लिहायचे. रोज साधारण एकशे दहा कमी व्हायचे. मी निश्चिंत होतो.

उन्हाळ्यात घराला रंग दिला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी भोपळ्या सारखा त्याच्या वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथायला लागला. मी नऊ फेऱ्या मोजल्या. टीचर आल्या तेव्हा मी म्हणालो, "पोट साफ होत नसेल. संध्याकाळपर्यंत बघू."

त्यांनी खाली वाकून वाळू चिमटीत चोळली. "ऐय्यो, इंजिनियर! फेऱ्या मोजल्यास, वाळू पाहिलीस का? कोरडी आहे. लघवी अडकलीय त्याची. बोक्याची नळी बारीक असते. ऊठ, संध्याकाळ काय घेऊन बसलास!"

ऑटोत बोक्याची टोपली त्यांनी स्वतःच्याच मांडीवर घेतली. डॉक्टरांनी नळी घालून लघवी मोकळी केली आणि संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर बोका हाती लागला नसता, असे स्पष्ट सांगितले. तीन दिवस तो तिथेच होता. मुलीला मी तो घरी आल्यावर कळवले.

त्याच दिवशी मी टीचरांपुढे वही ठेवली. "आकडे सगळे बरोबर आहेत. मग चुकलं कुठे?"

"एकच जागा पाहिजे तुला? तुझ्या कारखान्यातला बोल्ट आहे का तो?" त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "नर. नसबंदी झालेला. साडेसहा किलो वजन. दिवसभर घरात लोळून. नुसतं कोरडं खाणं. वर रंगकाम, सगळं सामान इकडचं तिकडे. मांजर तेवढ्याचाही धसका घेतं, आणि तो धसका मूत्राशयावर निघतो. एकेकटं असतं तर कदाचित निभावलं असतं."

"पण पाणी तर पितो."

त्यांनी बोक्याच्या वाडग्यासारखाच दुसरा वाडगा मागितला, दोनशे मिलिलिटर पाणी घातले आणि उंच कपाटावर ठेवायला लावला. भोपळ्याला तिथे चढणे शक्य नव्हते. पंखा तोच. दुसऱ्या दिवशी मोजले, तर त्यातलेही ऐंशी कमी झाले होते.

"हे कोण प्यालं?" टीचर म्हणाल्या.

एकशे दहातून ऐंशी गेले, उरले तीस. दीड वर्ष मी पंख्याने वाळवलेले पाणी बोक्याच्या नावावर लिहीत होतो.

तेव्हापासून ओले खाणे सुरू झाले, दुसरा ट्रे आला, पाणी तीन ठिकाणी ठेवू लागलो. रोज संध्याकाळी टीचर तासभर येऊन त्याला दोरीमागे पळवायच्या आणि मग दोघे एकाच खुर्चीत बसायचे. भोपळ्या एक किलोने उतरला.

पुढे त्यांचे गुडघे गेले. मुलाने कोइमतूरला न्यायचे ठरवले. शेवटच्या तीन आठवड्यांत त्यांचे येणे आखडत गेले. तासाची पन्नास मिनिटे झाली, मग चाळीस, मग पंचवीस. घड्याळ बघायची मला सवयच आहे. शेवटच्या संध्याकाळी त्या पाच मिनिटांत उठल्या, तेव्हा बायको रडवेली होऊन म्हणाली, "टीचर, जायच्या आधीच परक्या झालात?"

"त्याच्यासाठी गं," टीचर म्हणाल्या. "एकदम गेले तर परत धसका घेईल. म्हणून रोज थोडी थोडी जाते आहे."

भोपळ्याला काही झाले नाही. दर रविवारी कोइमतूरहून फोन यायचा. "किती वेळा?" "तीनदा." "सरी." पोंगलनंतरच्या एका रविवारी फोन आला तो त्यांच्या मुलाचा. आम्हाला मात्र त्या गेल्याचे एकदमच कळले.

कपाटावरचा वाडगा अजून तिथेच आहे. त्याचे काम केव्हाच संपले. तरी रोज सकाळी स्टुलावर चढून मी तो उतरवतो, किती उरले ते मोजतो, वहीत लिहितो. त्याखाली लिहितो, तीनदा. मग कंपनीची बस गाठायला निघतो, आणि जिन्यात उगाचच जरा थांबतो.