जोह्याच्या हातगाडीखालची कमान

देवाशी माझं भांडण झालं ते एका गाडीवरून. देवापुढे गाऱ्हाणं घालावं, हट्ट करू नये, असं आमच्याकडची मोठी माणसं सांगतात. मी हट्टच केला, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्या उन्हाळ्यात ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय काठीसारखा ताठ राहिला. पेणच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, व्यायामाला नेमाने आणा, आत्ता आळस केलात तर गुडघा कायमचा आखडेल. पण रोह्याहून पेणला न्यायचं कसं? रिक्षात पाय मावेना, नव्या गाड्यांत ह्यांना शिरता येईना. आमच्या जुन्या गाडीच्या मागच्या सीटवर मात्र हे पाय लांब करून ऐसपैस बसत. गाडी सासऱ्यांची, आणि चालवायला मला शिकवलं ह्यांनीच. दीर कैक वर्षं तिला भंगारात घाला म्हणून मागे लागले होते. मी त्यांना तोंडावर सांगितलं, तुमच्या भावाला तिच्यात बसता येतंय तोवर ती दारातून हलणार नाही. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, पण रागावले ते रागावलेच.

आणि ऐन आषाढात, पेणहून परत येताना, वडखळ सोडल्यावर एका खड्ड्यात गाडीची मागची कमान तुटली. कमान म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, गाडीचे सगळे हादरे त्याच सोसतात. टेम्पोला बांधून गाडी रोह्याला आणली. आमचे मेकॅनिक इकबालभाई गाडीखाली वाकून पाहून आले आणि हात पुसत म्हणाले, "वहिनी, ही गाडीच बनायची बंद झाली, नवी कमान आनू कुठनं? वेल्डिंग मारून देतो, पन मग साहेबांना आत बसवायचं नाय. परत तुटली तर माझ्या जिवाला घोर."

मग तुटलेली मोठी पट्टी कापडी पिशवीत घालून मी फिरले. रोहा, नागोठणे, पेण, पार पनवेलपर्यंत. पिशवीच्या बंदांनी हाताला वळ उठले. एका दुकानदाराने हसून विचारलं, मावशी, हिचं लोणचं घालणार का? मी म्हटलं, तुमच्याकडे बरणी असेल तर द्या. रागाला असं तोंड फोडल्यावर जरा बरं वाटायचं, पण रिकाम्या हाताने घरी आलं की हे खिडकीशी ताठ पाय पसरून बसलेले दिसत. एके दिवशी म्हणाले, "राहू दे आता. काठी घेऊन चालेन." त्या एका वाक्याने माझं डोकं फिरलं. ह्यांनी हार मानलेली मला सोसणार नव्हती.

देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि बाप्पाला स्पष्ट विचारलं, इतकी वर्षं तुला मांडीवर घेऊन घरी आणतो आम्ही, आणि तुला ह्यांचा एक पाय सांभाळता येत नाही? मग यंदा येऊ नकोस. आमच्याकडे घरचा लाकडी पाट आधीच गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, त्याच्यावरच मूर्ती घडते, अशी रीत आहे. पेणजवळचं जोहे गाव माझ्या माहेराला लागून, तिथे पार्वतीकाकींच्या कारखान्यात आमचा पाट गेलेला होता. तो परत आणायचं मी ठरवलं. दिलेला पाट कोणी मागे आणत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच आणायचा होता. येताना पेणला आणखी एक दुकान बघावं, म्हणून पट्टीची पिशवीही घेतली.

काकींनी माझं ऐकून घेतलं आणि हातावरची माती झटकली. "पाट नेशील कसा गो? त्याच्यावर बाप्पा बसलाय. माती वली हाय अजून." मी म्हटलं, दाखवा. आतल्या अंधारातून त्यांनी एक हातगाडी ओढत उजेडात आणली. वर आमचा पाट, पाटावर शाडूची मूर्ती, हात अजून जोडायचे होते. उंबऱ्यावरून गाडी उतरली, पण मूर्ती जराही हादरली नाही. इतके दिवस गाड्यांच्या खाली बघायची सवय लागली होती, म्हणून मी वाकले.

हातगाडीच्या खाली कमानी होत्या. पिशवीतली पट्टी काढून शेजारी धरली. लांबी तीच, रुंदी तीच, टोकाचं भोकही तेच. मी तिथेच मातीत बसले.

काकी सांगू लागल्या, त्यांच्या यजमानांनी फार पूर्वी एक मोडीत निघालेली गाडी आणली होती, तिच्या कमानी त्यांनी या हातगाडीला बसवल्या. ओल्या मातीला हादरा सोसत नाही, तडा जातो. मी ह्यांच्या पायाचं सांगितलं. पण मागायला तोंड होईना, कारखान्यात ऐन घाई होती. काकीच म्हणाल्या, "घेऊन जा."

"आणि एवढ्या मूर्ती कशा हलवाल?"

"बाप्पाला उचलायला चार मानसा हायत माझ्याकडं. तुझ्या मानसाला कोन उचलनार?"

कारखान्यातल्या दोघांनी आमची मूर्ती अलगद उतरवली आणि कमानी सोडवून दिल्या. इकबालभाईंनी त्या ठोकून, हातावर तोलून पाहिल्या आणि मान डोलावली. त्यानंतर पेणच्या फेऱ्या एकही चुकल्या नाहीत. व्यायाम करताना हे ओरडायचे, मी बाहेर बसून ऐकायचे आणि उठून आत जायचे नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघंच मूर्ती आणायला गेलो. हे मागे पाय लांब करून. मूर्ती पुढच्या सीटवर उशा लावून ठेवायची असं मी ठरवलं होतं. हे म्हणाले, "पुढे एकटा नाही बसायचा तो. इकडे दे." मी म्हटलं, मांडी कुठे आहे तुम्हाला? तेव्हा ह्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, ओठ चावला, आणि पाय हळूहळू सीटवरून खाली घेतला. गुडघा वाकला. कुरकुरत, थरथरत, पण पाऊल गाडीच्या तळाला टेकलं.

काकींनी पाटासकट बाप्पा ह्यांच्या मांडीवर ठेवला. शरण जाणं म्हणजे मान तुकवणं असं मी समजत होते, ते मला कधी जमलं नाही. मी त्याच्याशी तोंडावर भांडले आणि त्याने मनाला लावून घेतलं नाही, एवढं मला कळलं. त्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही, पण तेव्हाही मी हात जोडले नाहीत. हात स्टिअरिंगवर होते. आरशात दोघांना बघून एवढंच म्हणाले, "झाली जागा. आता नीट बसा."