मेलेल्या धरून

कुणीही आकडा सांगितला की सुमनताई विचारायच्या, "कशातले?" बीडच्या आमच्या महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बाहेरचं जनुक घालायचं, हे आमचं काम. या पेशी हट्टी, सहजासहजी काही आत घेत नाहीत. नमुन्याला ताई स्वतःचंच रक्त द्यायच्या. "माझ्याच हाईत, म्हनून ऐकत न्हाईत," म्हणायच्या. युसूफ वडगाव या आपल्या गावची बोली त्यांनी परिषदेतही सोडली नाही.

मार्ग तीन होते. निकामी केलेला विषाणू जनुक नीट पोचवतो, पण त्याला लागणारी सुरक्षित खोली आमच्याकडे नव्हती. उरले दोन. विजेच्या झटक्याने पेशीला क्षणभर भोकं पडतात, जनुक आत शिरतं, पण बऱ्याच पेशी मरतात. जनुक पोटात घेतलेले चरबीचे सूक्ष्म थेंब सौम्य असतात, पण आत कमी पोचवतात.

मी खुशीत सांगितलं, "ताई, झटक्याने सत्तर टक्के पेशींत गेलं. थेंबांनी चाळीसच."

"कशातले सत्तर?"

"जगलेल्यांतले."

"आन् मेलेल्या कुटं गेल्या, भाऊ? बाजाराला?"

मी हिशोब पुन्हा मांडला. झटक्यानंतर शंभरातल्या वीसच जगत होत्या. त्यांचे सत्तर टक्के म्हणजे चौदा. थेंबांनंतर साठ जगत. त्यांचे चाळीस टक्के म्हणजे चोवीस. आम्ही थेंब निवडले.

पुढच्या वर्षी ताईंना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. रुग्णालयात त्यांचा धाकटा भाऊ अनिल आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी जहाल औषधं सुचवली. "निम्म्याहून जास्त रुग्णांत गाठ आकसते," ते म्हणाले.

"कशातले निम्मे, डॉक्टर?"

"सगळे डोस पूर्ण करणाऱ्यांतले."

"आन् मधीच गेलेले?"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली आणि खरं ते सांगितलं: बरेच जण मधेच दगावतात, त्यांना धरलं तर आकडा खूप खाली येतो. ताईंच्या अंगात सगळे डोस सोसण्याइतकी ताकद नव्हती. ताईंनी सौम्य औषध मागितलं.

अनिल चिडला. "आक्का, कावून हार मानतीस?"

"हार न्हाई रे. हिशोब हाय."

सौम्य औषधाने गाठ थांबली नाही. दिवाळीला ताई वडगावच्या घरी ओट्यावर बसून आल्यागेल्याशी बोलत होत्या. संक्रांतीला पाणी चमच्याने पाजावं लागत होतं. फेब्रुवारीत त्या गेल्या.

राख सावडून परतताना अनिलने विचारलं, "दुसरं औषध घेतलं असतं तर?"

शंभर ताई असत्या तर सांगता आलं असतं. एकच होती.

प्रयोगशाळेतल्या गोठवणाऱ्या टाकीत त्यांच्या निरोगी दिवसांतल्या पेशींची एक कुपी शिल्लक होती. ठेवून ती कोणाच्याच कामाची नव्हती. मी ती वितळवली, थेंब दिले, दुसऱ्या दिवशी रंग घातला. या रंगाने मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत स्वच्छ राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ताईंच्या कितीतरी पेशी अजून चमकत होत्या.

मी आधी निळ्या मोजल्या.