मामाजींचा हिरवा खडू

माझ्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही पोळी तपासल्याशिवाय पास केली नाही. जबलपुरात ते तोफेचे गोळे तपासण्याच्या कामावर होते. हातात गेज, म्हणजे पोलादाचं एक मापाचं हत्यार. त्याचं एक टोक मालात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही जमलं तर मालावर हिरव्या खडूची खूण, नाहीतर लाल. कारखाना सुटला तरी दोन्ही खडू सदऱ्याच्या खिशातच असत. माझे यजमानही त्याच कारखान्यात होते, आणि आम्हाला क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही नवराबायको त्यांच्याकडेच राहायचो. अमरावतीहून नवी सून म्हणून आल्यावर मी पहिली पोळी वाढली, तेव्हा मामाजींनी तिच्यावर आडवी-उभी फूटपट्टी ठेवली, ताटाच्या कडेला लाल खूण केली आणि लागोपाठ चार पोळ्या खाल्ल्या. नापास माल वाया घालवायचा नाही, हाही त्यांचाच नियम. ओमती बाजारातल्या कासाराकडून मामींसाठी आणलेल्या डझनभर बांगड्यांतल्या पाच त्यांनी गोलाईत बसत नाहीत म्हणून परत केल्या. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला तर भिंतीजवळ उभं करून त्याच्याशेजारी ओळंबा सोडला. मुलगा सरळ निघाला आणि पुतणीचं लग्न झालं.

मग एकाहत्तरची लढाई आली. कारखान्यात तिन्ही पाळ्या चालू, माझे यजमान बारा-बारा तास घरी दिसेनात आणि मामाजींपुढची गोळ्यांची रांग संपेना. त्यातच त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आपण पास केलेला एखादा गोळा खराब निघाला, नळीतच फुटला आणि आपलाच जवान गेला तर? हे त्यांनी एकदाच, जेवताना, मामींना सांगितलं आणि मग ताकाची वाटी उलटीसुलटी करून बघत बसले. पण तेव्हापासून एकेक गोळा ते आठ-आठ वेळा तपासू लागले. घराचं कुलूपही ओढून ओढून बघत. मामी म्हणायच्या, "अहो, पाच वेळा ओढलं ना, काहून पुन्हा ओढून राहिले?" शेवटी एके दिवशी हिरवा खडू गोळ्यावर टेकेचना. हात तिथवर जायचा आणि थांबायचा. साहेब भला माणूस होता. त्याने महिन्याची रजा दिली आणि तेवढ्यात बरे झाला नाहीत तर स्टोअरमध्ये बसवावं लागेल, असं सांगितलं. स्टोअरमध्ये काही तपासायचं नसतं, नुसतं ठेवायचं असतं. त्या दिवशी मामी माझ्याजवळ बसून रडल्या आणि मलाही रडू आलं.

आता हा आजार नक्की कोणत्या डॉक्टरचा, हेच कोणाला कळेना. त्यामुळे ज्याच्या त्याच्या तोंडी एक इलाज होता. गोहलपूरच्या हकिमांनी काढा दिला, रोज दोन चमचे. मामाजींनी आधी चमचा मापला आणि नापास केला, म्हणून काढा तसाच राहिला. कोणीतरी ताईत दिला. दोरा नीट गुंडाळला आहे का हे पाहायला त्यांनी तो उकलला आणि पुन्हा कोणालाच तो बांधता आला नाही. नर्मदेकाठी भेडाघाटला एका बाबांनी पाण्याकडे तासभर एकटक बघायला सांगितलं. मामाजी बघून आले आणि म्हणाले की डाव्या हाताचा संगमरवरी कडा ओळंब्यात नाही.

अखेर मोहल्ल्यातल्या एका कंपाउंडरने बातमी आणली. छावणीतल्या एका जुन्या बंगल्यात नागपूरकडच्या एक डॉक्टरीणबाई जखमी जवानांकडून चित्रं काढून घेतात, आणि म्हणे त्याने मन बरं होतं. मामींचा विश्वास बसेना. चित्रं काढून मन बरं होत असतं, तर मोहल्ल्यातले दुकानाच्या पाट्या रंगवणारे दोघे भाऊ रोज एकमेकांशी भांडले नसते, असं त्यांचं म्हणणं. मामाजी मात्र चटकन तयार झाले, कारण ड्रॉइंग हा आपला प्रांत आहे अशी त्यांची खात्री होती. त्यांनी केस कापून घेतले, ड्रॉइंगची टी-स्क्वेअर पट्टी, कंपासपेटी आणि चार जातींच्या पेन्सिली घेतल्या, आणि सोबत म्हणून मला रिक्षात बसवलं.

बाई साध्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मनात येईल ते काढा. इथे चूक-बरोबर काही नाही."

"मग तपासणार कोण?"

"कोणीच नाही."

ह्या बाईंनाच औषधाची गरज आहे, अशा नजरेने मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिथल्या माठाचं चित्र काढलं: समोरून, बाजूने आणि वरून, सगळ्या मापांसकट. दुसऱ्या दिवशी स्टूल, तेही तसंच. वेळ उरला म्हणून ते बाकीच्यांची चित्रं तपासत फिरले. तोफखान्यातला एक जवान, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने तोफ काढत होता. ती दुधी भोपळ्यासारखी वाकडी झाली होती. मामाजींनी कोपऱ्यात लाल खूण केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण जवान हसला, आणि दुसऱ्या दिवशी नवी तोफ काढून स्वतःच तपासायला घेऊन आला. तीही नापास झाली. अशी त्यांची दोस्ती जमली. फक्त त्याच्याशी बोलताना मामाजी भिंतीकडे बघत. प्लास्टरकडे त्यांनी एकदाही नजर टाकली नाही.

रजेचा शेवटचा आठवडा आला तरी मापांची चित्रं थांबेनात. तेव्हा बाईंनी त्यांची टी-स्क्वेअर आणि कंपासपेटी गोड बोलून कपाटात ठेवली. मामाजी कोऱ्या कागदासमोर तासभर बसून राहिले. मग पेन्सिल हलली. रेघा थरथरत होत्या, एकही सरळ नव्हती. जवानाने वाकून पाहिलं.

"साहब, ये तो मेरा हाथ है। पर उँगलियाँ छह हैं।"

मामाजींनी बोटं मोजली नाहीत. कागदाकडेच बघत त्यांनी हळूच विचारलं, "गोला नली में फटा था क्या?"

"कौन-सा गोला? मुर्गी के पीछे ट्रक से कूदा था, साहब। गोले तो सब ठीक चले।"

मामाजी आधी हसले आणि मग हसता हसता लहान मुलासारखे रडले. खिशातल्या रुमालाने डोळे पुसताना खडूचा हिरवा रंग गालाला लागला. ते गोळे त्यांनी तपासलेले होते की आणखी कोणी, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. निघताना मी बाईंना विचारलं की हे झालं तरी कसं. त्या म्हणाल्या, "इतके दिवस तोंडाने विचारता येत नव्हतं ना, म्हणून हाताने आधी विचारलं." मागे वळून पाहिलं तर मामाजी आपल्याच चित्रावर हिरवी खूण करत होते. हात मध्ये कुठेच थांबला नाही.

ते पुन्हा कामावर गेले आणि निवृत्त होईपर्यंत गोळेच तपासत राहिले. कुलूप मात्र शेवटपर्यंत दोनदा ओढायचे. तेवढं आम्ही चालवून घेतलं. चित्र त्यांनी पुढच्या खोलीत लावलं होतं. पाहुण्यांपैकी कोणी सहा बोटं दाखवली की म्हणायचे, "माहीत आहे. मीच पास केलं आहे."

मामाजी गेल्यावर मामींनी ते चित्र मला दिलं. आता माझ्या घरी येणारे लोक बोटं मोजतात आणि मी तेच उत्तर देते. माझ्या पोळ्या अजून वाकड्याच होतात. ताटाच्या कडेला लाल खूण करणारं कोणी नाही, आणि जेवायला बसलं की मला त्यांची फार आठवण येते.