नागपूरला नसलेलं गॅरेज

विजूभाऊ गेल्याचं मला माजरीच्या एस.टी. स्टँडवर कळलं. वडशाहून आलेला ओळखीचा कंडक्टर घंटीची दोरी धरूनच म्हणाला, "मास्तर, तुमचा राइस मिलवाला विजूभाऊ गेला ना जी. मलेरिया डोक्यात चढला." मी शाळेत गेलो, पहिला तास घेतला. दुसऱ्या तासाला फळ्यावर काय लिहावं ते सुचेना... मुलांना वाचत बसा म्हटलं.

माझे बाबा वडशाला विजूभाऊच्या मिलमध्ये हमाल होते. धानाची पोती वाहायचे आणि विजूभाऊच्या वडिलांना मालक म्हणायचे. मीही एकदा विजूभाऊला 'मालक' म्हटलं तर तो भडकला. "मी तुले मालक दिसतो का रे? भाऊ म्हण." आमच्या एका खोलीच्या घरात वीज नव्हती, म्हणून मिलमागच्या गोदामाची खोली त्याने मला अभ्यासाला उघडून दिली. आमच्या घरातला पहिला पदवीधर त्या खोलीत तयार झाला, हे मी कधी विसरलो नाही. आजही विसरत नाही, म्हणून तर पुढचं लिहिणं जड जातं.

त्याच गोदामात त्याच्या आजोबांची विलायती मोटार उभी होती. गोल दिवे, बाजूला पायदान, नाकासारखं लांब बॉनेट. मूळचं पेट्रोल इंजिन कधीच मेलं होतं. विजूभाऊने भंगारातल्या टॅक्सीचं डिझेल इंजिन आणून मिस्त्रीकडून बसवून घेतलं. गाडी चालायला लागली, पण बॉनेट उघडलं की लाज वाटावी असं दिसे. जुन्या इंजिनाच्या वायरी तशाच लोंबत, नव्या त्यांच्यावरून गेलेल्या, इंजिन आणि बसायची जागा यांच्या मधल्या पत्र्याला जागोजागी भोकं, सगळीकडे काळं तेल. मी बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन आलो, त्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "तुह्या फिजिक्सचा काही उपयोग हाये का नाई?"

मग आम्ही दोघांनी सबंध उन्हाळा त्या बॉनेटखाली काढला. आधी रॉकेलने धुतलं. मेलेल्या वायरी एकेक शोधून काढून टाकल्या. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून भोकं बुजवली, वायर जिथून आत जाते तिथे सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं. डिझेल इंजिन हलतं फार, वायर ताणून बांधली तर तुटते. म्हणून मी प्रत्येक वायरीला थोडी ढील ठेवून ती कडेकडेने, दिसणार नाही अशी नेली. विजूभाऊ टॉर्च धरायचा, रंग मारायचा आणि सतत बोलायचा. "काऊन रे, बायकोची वेणी घालून राह्यला का?" काम संपलं तेव्हा तो बॉनेटखाली बराच वेळ नुसता पाहत राहिला. "इथी तर जेवायले बसता येते," म्हणाला. मला पदवीपेक्षा त्या वाक्याचा आनंद झाला.

त्या हिवाळ्यात शंकरपटाला आम्ही ती मोटार घेऊन गेलो. बैलांच्या शर्यतीपेक्षा आमच्याभोवती गर्दी जास्त. ब्रह्मपुरीकडचे एक गृहस्थ आले होते, त्यांच्या मुलीची विजूभाऊशी बोलणी चालली होती. बॉनेटखाली वाकून ते म्हणाले, "वा! कोणाच्या हातचं काम?"

मी शेजारीच उभा होतो. हसायच्या तयारीत होतो.

"नागपूरले करून आणलं, काकाजी," विजूभाऊ म्हणाला. "मोठं गॅरेज हाये तिथी." आणि माझ्याकडे न बघता, "अरे, काकाजीले पाणी आण."

मी पाणी आणलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, तेव्हा तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "तुह्यं नाव घेतलं असतं तर त्यायनं विचारलं असतं, कोणाचा पोरगा? मग?"

"मग सांगायचं. हमालाचा. बौद्धाचा."

"लग्न होऊ दे रे. मग सर्वायले सांगतो. तुह्या गळ्याची आन."

लग्न झालं. मला माजरीला शाळा मिळाली. तो भेटला की मिठी मारायचा, पोटभर जेवू घालायचा. त्या गोष्टीवर मात्र कधी आला नाही. मीही विचारलं नाही. वाटायचं, घरात तरी सांगितलं असेल. निदान बायकोला.

चौदावीनंतर मी वडशाला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि मला गोदामात नेलं. मोटार धुतलेली होती. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमचं नागपूरले जाणं-येणं असते ना? ते गॅरेज शोधून द्या ना. एक वायर तुटली हाये, दिवे लागत नाई. इथल्या मिस्त्रीले ते हात नव्हते लावू देत. म्हणत, ज्याच्या हातचं काम हाये त्यालेच जमेल."

गप्प राहावं असं क्षणभर वाटलं. नवरा जाऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. पण तसाच परत गेलो असतो तर पुन्हा त्या गृहस्थांना पाणी देऊन आल्यासारखं झालं असतं.

"वहिनी, नागपूरला गॅरेज नाही. हे मी केलं आहे. मी आणि विजूभाऊनं, याच गोदामात."

त्या हळू म्हणाल्या, "पण माह्याशी ते खोटं नव्हते बोलत, भाऊजी."

मी बाह्या वर केल्या आणि बॉनेट उचललं. तुटलेली वायर मधल्या पत्र्यापाशी सापडली. तिथे आधीच एक जोड होता, वर टेपचा जाडजूड, ओबडधोबड गोळा. विजूभाऊच्या हातचा. आधीही ती कधीतरी तुटली असणार, आणि त्याने एकट्याने, कुणाला न सांगता ती जोडली होती. माजरी काही दूर नाही. एक निरोप पाठवला असता तर मी त्या दिवशीच आलो असतो.

तो गोळा काढला असता तर काम नीट झालं असतं. मी तो काढला नाही. त्याच्या शेजारून, सगळ्यांना दिसेल अशी, नवी वायर ओढली.