अडीच मण आणि वर एक शेर

माघ अमावास्या, १९५६. वजन दोन मण एकवीस शेर. हजर: मी, पारड्याशी असणारा हमाल आणि स्वतः आबा. वहीतली ही नोंद माझ्या हातची आहे आणि तिच्यात छटाकाचीही चूक नाही. चूक दुसरीकडे झाली. ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे.

आबा आमच्या शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानाचे तोलार होते आणि मी दिवाणजी. अमावास्येला बाजार बंद असे. त्या दिवशी ते स्वतः मोठ्या काट्यावर बसत. आधी चपला काढत, मग फेटा, मग कमरेची चंची, शेवटी बोटातली चांदीची अंगठी. सगळे फेट्यात गुंडाळून माझ्या गादीवर ठेवत आणि पारड्यात मांडी घालत. हमाल समोर वजने चढवी. काटा स्थिर झाला की मान वर करून तो स्वतः पाहत आणि म्हणत, "लिवा, दिवाणजी. काट्याला भीड नसती."

मी एकदा म्हटले, "आबा, अर्ध्या तोळ्याच्या अंगठीने काय फरक पडतोय?"

"गिऱ्हाइकाच्या पोत्याचं वजन वजा करतुया का न्हाई? मग मी काय पाप केलंय?"

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याला पासंगभर सवलत देतील, स्वतःला नाही.

तरुणपणी ते तालमीतले होते. कुस्ती सुटली, भूक राहिली. १९५० च्या कार्तिकात ते पहिल्यांदा पारड्यात बसले तेव्हा तीन मण भरले. चाळीस शेरांचा मण, म्हणजे एकशेवीस शेर माणूस. हमाल म्हणाला, "आबा, साखळी तुटली तर शेठ तुमच्या पगारातनं कापतील!" आबा हसले नाहीत. त्याला कारण होते.

त्यांची एकुलती एक लेक पन्हाळ्यापलीकडच्या डोंगरावरच्या वाडीत दिली होती. मोटार पायथ्यापर्यंत जाई. पुढे दीड कोस उभी चढण. त्या पावसाळ्यात लेकीचे सहा महिन्यांचे मूल गेले. आबा निघाले. तिसऱ्या वळणावर छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली. एका गुराख्याने पाणी पाजून त्यांना खाली आणून सोडले. वाडीत एवढेच पोचले की तिचा बाप अर्ध्यातून परत गेला. लेकीने निरोप धाडला, "माझ्या दारापत्तुर यायला बापाला जमलं न्हाई. ऱ्हाऊ द्या." आई आधीच वारलेली. तेव्हापासून ती माहेरी आली नाही.

डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर मी गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, "हे वजन घेऊन चढलात तर काळीज बंद पडेल. अडीच मणाच्या आसपास या, मग खुशाल जा."

दुकानात आल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: अडीच मण.

आबांनी माझ्यासमोर बोलून ठेवले, की जेवढे वजन उतरेल तेवढा गूळ लेकीच्या दारात नेऊन ठेवीन, आणि तोही स्वतःच्या पाठीवरून.

"अहो, अंगावरचं उतरवून पाठीवर घेणार? मग चढणीला फरक काय पडला?"

"पडतोय की. अंगावरचं वाटंत उतरवून ठेवता येत न्हाई. पाठीवरचं येतंय."

पहिल्या वर्षी त्यांनी संध्याकाळचे म्हशीचे दूध सोडले, मटण सोडले, गूळ सोडला, रात्रीच्या तीन भाकऱ्यांची एक केली. पहाटे रंकाळ्याला फेरी सुरू झाली. आठ शेर उतरले. दोन मण बत्तीस. आणि तिथे काटा थांबला तो चार वर्षे.

चार वर्षे हा माणूस अर्धपोटी राहिला. दुपारी हमाल तांबड्या रश्श्याचा डबा उघडत तेव्हा आबा उठून दाराशी उभे राहत. "आबा, काटा गंजलाय, त्येल घाला त्येला," हमाल चिडवत. "तुझ्या जिभंला घाल आदी," आबा म्हणत. पण दर अमावास्येला फेटा गुंडाळून माझ्या गादीवर ठेवताना त्यांची बोटे घाई करत, आणि आकडा लिहून झाला की तीच बोटे फेटा बांधायला फार वेळ घेत. मला तो वेळ बघवत नसे. मी उगाच दौतीत टाक बुडवत राही.

पंचावन्न सालच्या दिवाळीत मी ते सगळे आकडे एका पानावर ओळीने उतरवले. तेव्हा दिसले की वजन एका जागी नव्हतेच. दर पावसाळ्यात तीन शेर उतरत होते आणि हंगामात तेवढेच चढत होते. आबा म्हणत, श्रावणातल्या उपासांनी उतरते. पण उपास श्रावणात संपत आणि वजन आश्विनापर्यंत उतरे. पावसाळ्यात नसते आणि हंगामात असते असे काय? गूळ.

हंगाम सुरू झाल्यावर एक दिवस मी कुणाला न सांगता कागदावर रेघा मारत बसलो. प्रत्येक रवा, म्हणजे गुळाची ढेप, काट्यावर चढण्याआधी आबा नखाने कड काढून जिभेवर टाकत आणि सांगत, हा खारवट, हा नदीकाठचा, ह्याला चुना जास्त झालाय. त्यांच्या जिभेवर व्यापारी भाव बोलत. संध्याकाळपर्यंत चौसष्ट रेघा झाल्या. मी तेवढे खडे वाटीत जमवून त्यांच्यासमोर छोट्या तराजूत टाकले. बत्तीस तोळे.

"आबा, रोज जवळजवळ अर्धा शेर गूळ खाता तुम्ही."

"मी? सोडून पाच वर्सं झाली."

"मग हे काय?"

"ही चाखणी हाय. काम हाय माझं. ह्येला खाणं म्हंत्यात व्हय?"

मग ते वाटीकडे बघत बसले. मोठा माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखा चेहरा झाला. म्हणाले, "काट्याला भीड नसती." पण नेहमीच्या आवाजात नव्हे.

दुसऱ्या दिवसापासून ते नखाने खरवडून नुसता वास घेऊ लागले. फारच अडले तर जिभेला लावून चूळ भरत. "तोलार सोवळ्यात गेला," पेठेत टवाळी झाली. कार्तिकात दोन मण अठ्ठावीस. मार्गशीर्षात सत्तावीस. पौषात पंचवीस. चार वर्षांचा अडसर मोडला होता, आणि तो माझ्या रेघांनी मोडला होता. हे मी घरी सांगितले, शेजारी सांगितले, शेठना दोनदा सांगितले. आबा सदरा पुढे ओढून दाखवत, "दिवाणजी, बघा, दोन मुठी जात्यात." त्याच सुमारास वाडीहून कुणीतरी सांगत आले की लेकीला पुन्हा दिवस गेलेत, चैत्रात मोकळी होईल. आबांना त्याआधी पोचायचे होते.

आता जे मी पाहिले आणि लिहिले नाही, ते सांगतो. आबा सकाळपासून माठातले तांब्यावर तांबे पाणी पीत होते. एका भाकरीच्या चार झाल्या होत्या. "मेहनतीनं भूक लागतीया," म्हणत. खाणे वाढले होते आणि वजन उतरत होते. दुकानाच्या रोजकीर्दीत असे दिसले असते तर चूक सापडेपर्यंत मी जेवलो नसतो. इथे मात्र आकडा हवा तिकडे जात होता, म्हणून मी तो मानला. पायाच्या अंगठ्यात पोती शिवायचे दाभण गेले होते, ती जखम महिना झाला तरी भरत नव्हती. आणि दुकानामागच्या मोरीला मुंग्यांची रांग लागे. पण गुळाच्या पेठेत मुंग्या बघून कोण थांबतो?

माघ अमावास्येला एकदम चार शेर उतरले. दोन मण एकवीस. हमालाने टाळी वाजवली. आबा पारड्यातून उतरताना जरा डळमळले, खांब धरला आणि म्हणाले, "जातो मी आता. उद्याच्याच मोटारीनं. अंगात बळ हाय तवर जाऊन येतो."

मी वही उघडून पहिले पान दाखवले.

"आबा, अडीच मण म्हणजे दोन मण वीस. एक शेर राहिलाय."

"एका शेरानं काय हुतंय वो?"

"अंगठी कशाला काढता मग?"

मी पुढे म्हणालो, "महिन्याने फाल्गुन अमावास्या. दुसऱ्या दिवशी पाडवा. पुरता आकडा घेऊन जा, लेकीला ताठ मानेने सांगा. पाच वर्षे थांबलात, एक महिना थांबा."

आबांनी माझ्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले. "बरं," म्हणाले. "तुमी म्हंता तर ऱ्हातो."

आठ दिवसांत पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला. इस्पितळात डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. बरेच महिने असणार म्हणाले. "लघवीला मुंग्या लागत होत्या का?" त्यांनी विचारले. हमालाने माझ्याकडे पाहिले. मी खाली.

सुया सुरू केल्या, पण विष अंगात भिनले होते. वाडीला निरोप धाडला. जावई आला, लेकीचे दिवस भरत आले होते, ती डोंगर उतरू शकत नव्हती.

मी पहिल्या डॉक्टरांनाही गाठले. म्हटले, "तुम्ही अडीच मण सांगितले होते ना?" ते म्हणाले, "आसपास म्हणालो होतो. शेर-दोन शेरांनी काय होतंय?" खरे होते. ते 'आसपास' म्हणाले होते. आसपास हा शब्द वहीच्या रकान्यात बसत नाही, म्हणून मी लिहिला नव्हता.

फाल्गुन अमावास्येला आबांनी डोळे उघडले. "आज काटा हाय न्हवं?"

मी परिचारिकेला विनंती केली. दोघातिघांनी धरून त्यांना इस्पितळाच्या यंत्रावर उभे केले. अंगठी त्यांनी स्वतःच काढली. ती आता काढावी लागत नव्हती, गळूनच येत होती. एकशे त्र्याण्णव पौंड. मी तिथेच बोटांवर हिशेब केला.

"दोन मण चौदा शेर, आबा."

"म्हंजी फुडं गेलो की!" त्यांचा चेहरा खुलला. "तीनातनं किती गेलं?"

"सव्वीस शेर."

"सव्वीस शेर गूळ तोलून ठिवा. उद्या पाडवा. निगतो मी."

पाडव्याला ते शुद्धीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी गेले. त्याच आठवड्यात वाडीत लेक मोकळी झाली, मुलगी झाली.

महिन्याने मी गुदामात जाऊन रवे पाहिले. जन्मात पहिल्यांदा मी स्वतः तोलायला बसलो. चांगला रवा निवडला, कड काढून सव्वीस शेर नेमका केला. शेठ म्हणाले, हमाल बरोबर घे. मी नको म्हणालो. पायथ्यापासून तो पाठीवर घेतला. मी पन्नाशीचा, बैठ्या कामाचा माणूस. अकरा वेळा खाली उतरवून ठेवला. तिसऱ्या वळणावर दगड आहे, तिथे बराच वेळ बसलो. आबांचे म्हणणे बरोबर होते. पाठीवरचे उतरवून ठेवता येते.

लेक ओसरीवर मूल घेऊन बसली होती. चेहरा आबांचाच. "कुठनं आलासा, पावणं?" मी सांगितले. रव्याकडे बघून तिला काही कळेना. मग मी वही काढली. तिला वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचली. तीन मण. दोन मण बत्तीस. चार वर्षांचे सगळे चढउतार, एकही आकडा न गाळता. अठ्ठावीस, सत्तावीस, पंचवीस. एकवीस वाचून थांबलो आणि तिथे माझ्यामुळे काय झाले तेही सांगितले. मग चौदा.

तिने मुलीला मांडीवरून उतरवून गोधडीवर ठेवले, आत गेली, तांब्या भरून आणला. रव्याची कड वरवंट्याने फोडली आणि एक खडा माझ्या हातावर ठेवला.

"चढून दमलासा. खावा," म्हणाली. "माझा बाप एवढं कवा बोलला न्हाई मला."

सव्वीस शेर गूळ आबांच्या लेकीला पोचता केला. त्यातला एक खडा, अंदाजे अर्धा तोळा, तिने मला पाण्याबरोबर दिला. तो वजा.