नमस्काराच्या चपला

रत्नागिरीत वडील ज्या वृद्धाश्रमात राहत होते तिथे खरूज शिरली, तेव्हा सिस्टरांनी आधी आम्हा भेटायला येणाऱ्यांना हात धुवायला लावले. आम्ही शहाण्यासारखे साबणाने खसाखसा हात धुऊन आत जायचो आणि पहिल्याच खाटेपाशी वाकायचो. एकाच्या पाया पडलं की शेजारचा पाय पुढे करून बसलेलाच. त्याला वगळायची कोणाची छाती? या टोकाची खरूज त्या टोकाला आम्हीच मोठ्या आदराने पोचवत होतो.

हे ध्यानात येताच सिस्टरांनी नमस्कार बंद केला. झालं! म्हाताऱ्यांनी सकाळची पेज परत पाठवली. "आमच्या पायांना काय झाला गो?" वडिलांनी मला विचारलं. त्यांचे पाय घोट्यापर्यंत पुरळाने भरले होते, पण बोलणार कोण?

शेवटी सिस्टरांनीच तोडगा काढला. दारात स्टुलावर नव्या रबरी चपलांचा जोड ठेवला. पाहुण्यांनी हात न लावता त्यापुढे वाकायचं, खाटेवरच्यांनी तिथूनच "सुखी राहा" म्हणायचं. आठवडाभरात चपलांपुढे जास्वंदी दिसू लागल्या. लांज्याहून आलेल्या एका बाईंनी नारळ ठेवला. सिस्टरांनी कपाळाला हात लावला आणि नारळ जंतुनाशकाने पुसून घेतला.

वडिलांची खरूज हटेना, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. कोणाला हात लावायचा तर त्यांनी हातमोजे घालायचे होते, पण ते दिसले की वडील भडकत. "मी काय गटार उपसायला चाललोय?"

त्यातच मला ऑपरेशनसाठी मुंबईला जायचं होतं. पोटात गाठ होती. कसली, ते काढल्यावरच कळणार होतं. मी मनातून पार घाबरले होते. पन्नाशी उलटली तरी निघण्याआधी डोक्यावर त्यांचाच हात हवा होता. चपलांचे आशीर्वाद घेऊन मी टेबलावर आडवी होणार नव्हते.

उंबऱ्याबाहेर उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग सिस्टरांना म्हणाले, "आणा ते मोजे."

मोजे चढवताना त्यांची दोन बोटं एकाच बोटात शिरली. ती काढता काढता सिस्टर घामाघूम झाल्या. मग मला आत बोलावलं. मी वाकले. त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले, आणि उचलायला गेले तर रबराला चिकटून माझे केस ओढले गेले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"दुखला गो?" त्यांनी घाबरून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "उचलू नका इतक्यात."